१९७० च्या डॉज चॅलेंजरचा फेंडर टॅग कोणी वाचून देईल का? (सिक्स पॅक खरी की सजवलेली?)

वांगीभरीत

मंडळी, मदत हवी आहे.

मी मिशिगनात राहतो. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, जिवाला गाड्या. तीन वर्षं घरात रदबदली केल्यावर एक जुनी अमेरिकन गाडी घ्यायची परवानगी मिळाली आहे. (किंमत इथे लिहिणार नाही. परवानगी देणारी व्यक्ती हा धागा वाचते.)

घरापासून तासाभरावर एका आजोबांच्या कोठारात १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी (चॅलेंजरची जास्त ताकदीची आवृत्ती) उभी आहे. रंग जांभळा, थेट काटेरी वांग्याचा. जाहिरातीत लिहिलंय, 'अस्सल ४४० सिक्स पॅक, कारखान्यातून अशीच आलेली' (म्हणजे ४४० घनइंची इंजिन आणि त्यावर तीन कार्ब्युरेटर). बॉनेट उघडलं तर खरंच तीन कार्ब्युरेटर एका ओळीत बसलेत, आणि बॉनेटच्या भोकातून वर डोकं काढून इंजिनासाठी हवा ओढणारा तो शेकरही आहे. आजोबांनी चालू केली तेव्हा इंजिनाबरोबर शेकर थडथडायला लागला आणि मी तिथेच विरघळलो.

पण एवढा पैसा नुसतं विरघळून द्यायचा नसतो. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवलेली एक पत्र्याची पट्टी आहे, तिला फेंडर टॅग म्हणतात एवढं कळलं. फोटो चढत नाहीये, म्हणून तिच्यावरची इंग्रजी अक्षरं देवनागरीत उतरवतो. क्रमांकातले मधले आकडे मुद्दाम झाकलेत.

व्ही९एक्स २६ एंड
जे२५ एन४१ एन४२ आर२२
व्ही१एक्स यू ए०१ सी१६ जी३३ एच५१
एफसी७ एच६एक्स९ ००० ४१५ ××××××
ई८६ डी३२ जेएस२३ यू०बी १×××१२

काय लागतं का यातून?

चकली

मला वाटलं कोणाची पत्रिका आहे. मंगळ कुठल्या घरात आहे ते बघा आधी.

स्पॅनर

चकली, पत्रिकाच आहे ती. फरक एवढाच की हिच्यात लिहिलेलं आधीच घडून गेलंय, त्यामुळे ताडून बघता येतं.

वांगीभरीत, तुम्ही ओळी बरोबर उतरवल्यात, पण वाचायच्या खालून वर. क्रायस्लरच्या (डॉज आणि प्लिमथ तिच्याच गाड्या) पट्ट्या तशाच असतात. मी ओहायोत वीसेक वर्षं हीच कामं करतोय (हौस म्हणून सुरू झालं, आता शनिवार-रविवार त्यातच जातो), तर सगळ्यात खालच्या ओळीपासून.

जेएस२३यू०बी. जे म्हणजे चॅलेंजर. एस म्हणजे 'स्पेशल', चॅलेंजरच्या बाबतीत आर/टी. साधी असती तर तिथे एच आलं असतं. २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. २७ असतं तर उघड्या छताची. शून्य म्हणजे १९७०. बी म्हणजे हॅमट्रॅमक कारखाना, म्हणजे तुमच्या घराजवळचाच. उरला मधला यू, तिथे थांबा. हे इंजिनाचं अक्षर. एन म्हणजे ३८३ मॅग्नम, आर/टीचं मूळ इंजिन, ३३५ अश्वशक्ती. यू म्हणजे ४४० मॅग्नम, एकच चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, ३७५ अश्वशक्ती. व्ही म्हणजे ४४० सिक्स पॅक, दोन-दोन नळ्यांचे तीन कार्ब्युरेटर, ३९०. आणि आर म्हणजे ४२६ हेमी, ४२५, ज्यासाठी लोक घरं गहाण टाकतात.

तुमच्याकडे यू आहे, व्ही नाही.

त्याच ओळीत डावीकडे ई८६ आहे, तेही हेच सांगतं. सिक्स पॅकचा कोड ई८७, हेमीचा ई७४. डी३२ म्हणजे दणकट जातीचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चार गिअरची मॅन्युअल असती तर डी२१.

दुसरी ओळ. एफसी७ हा तुमचा वांग्याचा रंग, डॉजवाले त्याला प्लम क्रेझी म्हणायचे. तोच डबा प्लिमथच्या गाडीवर ओतला की नाव इन-व्हायोलेट. तसंच एफजे५ हा पोपटी डॉजकडे सबलाइम आणि प्लिमथकडे लाइमलाइट. एफवाय१ पिवळा डॉजकडे टॉप बनाना, प्लिमथकडे लेमन ट्विस्ट. नावांवर लोकांची भांडणं होतात, म्हणून आम्ही कोडनेच बोलतो. एच६एक्स९ म्हणजे आतली सजावट: वरच्या दर्जाची, व्हायनिलच्या बकेट सीट, काळा रंग. तीन शून्यं दाराच्या वरच्या चौकटीच्या रंगाची. हार्डटॉपला ती चौकटच नसते, म्हणून शून्य. ४१५ म्हणजे गाडी १५ एप्रिलला बनवायचं ठरलं होतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला दोन आकडे लागतील म्हणून तिथे ए, बी, सी वापरायचे. नवशिके 'सी१५' दिसलं की कसला तरी दुर्मीळ पॅक सापडला म्हणून नाचतात, ती नुसती १५ डिसेंबर असते. शेवटचा सहा आकडी क्रमांक ऑर्डरचा.

तिसऱ्या ओळीपासून खरी मजा. व्ही१एक्स काळं व्हायनिलचं छत, यू म्हणजे अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे बांधलेली, ए०१ जास्तीच्या दिव्यांचा गट, सी१६ मधला कन्सोल, जी३३ आतून हलवता येणारा डावा आरसा. वरच्या ओळीत वेग बदलणारे वायपर, दुहेरी एक्झॉस्ट, त्याची चकचकीत टोकं, आणि आर२२ म्हणजे एट-ट्रॅक टेप वाजवणारा रेडिओ. व्ही९एक्स हा शेपटीवरचा काळा पट्टा, २६ म्हणजे सव्वीस इंची रेडिएटर. 'एंड' म्हणजे पट्टी इथे संपली. पर्याय जास्त असले तर पहिल्या पट्टीवर 'ईएन१' लिहून दुसरी पट्टी जोडायचे.

एक कोड मी मुद्दाम मागे ठेवला. एच५१. तो काय ते ओळखा.

सुमेधा_क

एच म्हणजे हीटर? हवेशी संबंधित काहीतरी?

स्पॅनर

बरोबर, सुमेधाताई. ही अक्षरं सरसकट घातलेली नाहीत. ए म्हणजे पॅकेज, बी ब्रेक, सी आतली बैठक, डी गिअरबॉक्स, ई इंजिन, जी काचा आणि आरसे, एच हवा, आर रेडिओ. डीलरच्या ऑर्डर-पुस्तकात हेच कोड असायचे. एच५१ म्हणजे एअर कंडिशनर.

आणि १९७० साली सिक्स पॅक किंवा हेमीबरोबर क्रायस्लर एसी देतच नव्हती. तुम्ही डीलरसमोर रडलात तरी नाही. वांगीभरीत, आजोबांच्या गाडीत एसी आहे का?

वांगीभरीत

नाही!! मी तर खूश झालो होतो की एसी नाही म्हणजे शर्यतीची गाडी. थांबा, पुन्हा जाऊन बघतो.

नाना_कुर्लेकर

मी कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार-कारखान्यात होतो. तुम्ही पोरं ज्या क्रायस्लरच्या पट्ट्या वाचताय, त्याच घरातल्या गाड्या आम्ही जोडायचो. डॉज, डिसोटो, प्लिमथ. वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लरशी करार करून कंपनी काढली ती १९४४ साली. सुट्या भागांची खोकी बंदरातून यायची. खोकं फोडलं की आतून ग्रीस आणि अमेरिकन लाकडाचा वास यायचा. तो वास मला आजही आठवतो, गाड्यांचे नंबर आठवत नाहीत.

आमच्या डॉज किंग्जवेच्या पाटीवर पर्यायांचे कोड मी कधी पाहिले नाहीत. पर्यायच नव्हते! गिऱ्हाईकाला एकच पर्याय, थांबायचं की नाही. मुंबईत त्यातल्या कित्येक पुढे टॅक्सी झाल्या. एका गाडीला एवढी अक्षरं लागतात हे आज कळलं. पण मला सांगा, एवढं सगळं पत्र्यावर लिहायचं कशाला? कागद नव्हता का?

स्पॅनर

नाना, तुमच्यासारखा माणूस धाग्यावर आल्यावर आम्ही गप्प बसून ऐकायला हवं. तरी प्रश्न विचारलात म्हणून सांगतो.

कागदही होता. त्याला ब्रॉडकास्ट शीट म्हणतात. डीलरने खुणा केलेली ऑर्डर कारखान्यात आली की तिची ही शीट छापून लाइनवरच्या वेगवेगळ्या ठिकाणी जायची. सीट बसवणारा आपला चौकोन बघायचा, एक्झॉस्टवाला आपला. पट्टी मात्र उघड्या बॉडीबरोबर रंगाच्या खोलीतूनही जायची, तिथे कागद टिकला नसता. म्हणून बऱ्याच मूळ पट्ट्यांवर गाडीच्याच रंगाचे शिंतोडे असतात.

काम झालं की ती शीट माणूस हाताशी असेल तिथे खुपसून द्यायचा. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये, पेट्रोलच्या टाकीवर, गालिच्याखाली. पन्नास वर्षांनी आम्ही ती उंदरांशी भांडून मिळवतो.

भुंगा

शेव्हर्लेवाल्यांचं रडगाणं ऐका. आमच्या कॅमॅरोच्या पाटीवर तुमच्या अर्धीही माहिती नसते. १९६९ च्या गाडीवर 'एक्स११' दिसलं की विकणारा छातीठोकपणे 'एसएस आहे' (म्हणजे कॅमॅरोची ताकदवान आवृत्ती) म्हणतो. तो नुसता बाहेरच्या सजावटीचा गट आहे हो, साध्या गाडीवरही यायचा. बाकी 'झेड२८' हे नाव म्हणजे मुळात ऑर्डर-पुस्तकातला कोडच. तो पुढे नाव म्हणून गाड्यांवर आणि टी-शर्टवर गेला. माझ्याकडे आहे ती खरी झेड२८ नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

सुमेधा_क

आमची १९६६ ची मस्टँग आहे, सॅन होजेला बनलेली आणि सॅन होजेजवळच अजून राहणारी. नवऱ्याच्या आधी मी पाटी वाचायला शिकले. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला असते. ६५ए म्हणजे साध्या आतल्या सजावटीची हार्डटॉप, एम म्हणजे विंबल्डन व्हाइट, २६ म्हणजे काळं व्हायनिल, १८डी म्हणजे १८ एप्रिल. महिन्यांना ए ते एम अक्षरं आहेत, फक्त मधलं आय गाळलंय, म्हणून सप्टेंबरला थेट जे. ७२ म्हणजे सॅन होजेचं विक्री कार्यालय. शेवटचा ६ म्हणजे सी-४ ऑटोमॅटिक.

पण एसी, रेडिओ, पॉवर स्टिअरिंग? त्या पाटीवर यातलं एकही अक्षर नाही. फोर्डच्या जुन्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडे मिळतात, पण १९६७ पासूनच्या. आम्ही एका वर्षाने हुकलो.

स्पॅनर

आणि क्रायस्लरच्या अधिकृत नोंदी १९६७ पर्यंतच्याच मिळतात! म्हणजे फोर्डचं जिथे सुरू होतं तिथे आमचं संपतं. १९७० च्या चॅलेंजरवाल्याने पट्टी, शीट आणि लोखंडावरचे ठसे यांवरच भागवायचं.

वांगीभरीत

आलो जाऊन. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

बॉनेटखाली इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, उजव्या बाजूला, एक चौकोनी झाकण रिव्हेट मारून बसवलंय आणि वर काळा रंग फासलाय. नखाने खरवडलं तर खाली जांभळा. म्हणजे काहीतरी होतं आणि नंतर बंद केलंय. डॅशबोर्डवर एसीचे झरोके आहेत, मागे हात घातला तर नळ्याच नाहीत. रेडिएटर मोजला, सव्वीस इंच.

आजोबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ती पट्टी चुकीची आहे. कारखान्यात शुक्रवारी दुपारी काय वाटेल ते व्हायचं." त्यांनी ही गाडी त्यांच्या भावाच्या पश्चात घेतली, बावीस वर्षं झाली. भाऊ नेहमी सांगायचा की ही सिक्स पॅक आहे आणि त्याच्याकडे पुरावा आहे. मला त्यांच्यात खोट दिसली नाही हो. खोटं बोलणारा माणूस असा आपल्याला कॉफी विचारत बसत नाही.

चकली

खोटं बोलणारेच कॉफी विचारतात. माझा घर विकणारा एजंट आठवा.

स्पॅनर

पट्टी चुकली असेल असं क्षणभर धरू. या पट्ट्या नव्या छापूनही मिळतात, त्यामुळे नुसत्या पट्टीवर मीही डोळे मिटून भरवसा ठेवत नाही. पण समोरच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसते ती व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पट्टी वेगळी. ती फुलाच्या आकाराच्या रिव्हेटांनी ठोकलेली असते. त्यातही यू आहे का बघा. आणि त्यापुढे लोखंडाकडे जा.

४४० च्या ब्लॉकवर उजव्या बाजूला खाली, ऑइल पॅनच्या कडेजवळ गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो: शून्य, बी, आणि सहा आकडे. गिअरबॉक्सवरही. बॉडीवर रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीला. समोर डाव्या बाजूला वर, डिस्ट्रिब्यूटरजवळ, इंजिनाची खूण असते. १९७० चं असेल तर 'एफ ४४०' आणि 'एचपी'. घासायला दात घासायचा जुना ब्रश आणि ब्रेक क्लीनर न्या. वायरब्रश नको, ठसे पुसले जातात.

आणि मागची सीट उचला. पुढची कड मागे ढकलून वर ओढली की सुटते.

वांगीभरीत

शनिवारी जातो. हॅमट्रॅमकवरूनच रस्ता आहे. तिथे आता कॉनंट अॅव्हेन्यूवर बांगलादेशी मिठाईची दुकानं आहेत, आजोबांसाठी संदेश (ती बंगाली मिठाई) नेतो.

नाना_कुर्लेकर

आणि तो कारखाना?

वांगीभरीत

नाही नाना, डॉज मेन १९८० साली बंद पडला आणि पाडला. तिथे नंतर जनरल मोटर्सचा कारखाना झाला, आता त्यात इलेक्ट्रिक गाड्या बनतात. ही जांभळी ज्या दारातून बाहेर आली ते दार शोधायला मी एकदा गेलो होतो. कुंपण आणि पार्किंग. बस.

नाना_कुर्लेकर

कुर्ल्यालाही तेच. कुंपण काय आणि मॉल काय.

वांगीभरीत

मंडळी!!! मी चुकलो, स्पॅनर चुकले, सगळे चुकले. आजोबा बरोबर होते!

सीट उचलली. वाळकी पानं, दोन सेंट, उंदराचं घरटं, आणि स्प्रिंगांत गुंडाळून अडकलेला पिवळा पडलेला कागद. ब्रॉडकास्ट शीट! हात थरथरत होते. अर्धी डावी बाजू उंदराने खाल्लीय, रंगाचा चौकोन गेलाय. पण इंजिनाच्या चौकोनात स्वच्छ, ठसठशीत: ई८७!! सिक्स पॅक! खाली एन९६, म्हणजे शेकर ना? आणि एच५१ कुठेच नाही. आजोबा म्हणाले, "हाच तो. भावाने ऐंशीच्या दशकात बघितला होता आणि परत तिथेच ठेवला."

मी पैसे घेऊनच निघतोय.

सुमेधा_क

अभिनंदन!! काटा आला अंगावर.

भुंगा

पार्टी कधी?

स्पॅनर

वांगीभरीत, चेकबुक खिशात घाला. कागद उलगडा. वरच्या भागात गाडीचा क्रमांक छापलेला असतो. तो वाचा आणि इथे लिहा.

वांगीभरीत

दुमडलाय, चिकटलाय. थोडं पाणी मारू का?

स्पॅनर

अजिबात नाही! कोरडा, मऊ ब्रश. नाहीतर बॅटरीचा उजेड कागदाच्या मागून.

वांगीभरीत

...

जेएस२३व्ही०बी १×××४९.

चकली

४९? पट्टीवर १२ होतं ना?

स्पॅनर

१२ होतं. हा कागद या गाडीचा नाही. सदतीस नंबर पुढच्या गाडीचा आहे.

असं होतं. मी स्वतः तीन गाड्यांत परक्या शीट पाहिल्यात, आणि एका गाडीत दोन निघाल्या, त्यांतली एकही तिची नव्हती. सीट भरणाऱ्या माणसाच्या हातात अनेक गाड्यांचे कागद असायचे. काम झालेला कागद तो समोर येईल त्या सीटमध्ये खुपसून द्यायचा. त्याला काय माहीत की पन्नास वर्षांनी त्यावरून एका माणसाचा रक्तदाब वाढेल.

ब्लॉक पाहिलात का?

वांगीभरीत

पाहिला. गाडीखाली पडून, ब्रश घेऊन. ०बी१×××१२. गिअरबॉक्सवर तेच. रेडिएटरच्या पट्टीवर तेच. वर एफ ४४० एचपी. डॅशबोर्डवर यू.

खरं सांगू, कागदावरचा ४९ वाचल्यावर आधी पोटात गोळा आला. मग गाडीखाली पडल्या पडल्या हळूहळू सगळं जुळत गेलं. भावाला तो कागद सापडला. त्याने ई८७ वाचलं, वरचा नंबर वाचला नाही. घडी उघडून बघितलीच नाही बहुधा, माझ्यासारखाच. त्याला वाटलं, आपली गाडी मुळात सिक्स पॅक होती आणि आधीच्या कोणीतरी ती बिघडवली. म्हणून त्याने ती 'मूळ रूपात' आणली. तीन कार्ब्युरेटर आणले. कागदावर एन९६ होतं म्हणून शेकर बसवला. कागदावर एच५१ नव्हतं म्हणून एसी उपसून काढला आणि भोकावर झाकण ठोकलं. रंगाचा चौकोन उंदराने खाल्ला होता म्हणून रंग तेवढा वाचला.

कोणी फसवलं नाही. एका माणसाने मनापासून, पदरचे पैसे घालून, दुसऱ्याच गाडीची दुरुस्ती केली.

सुमेधा_क

आता मात्र मला भावाबद्दल वाईट वाटतंय.

भुंगा

उंदराने थोडं कमी खाल्लं असतं तर ती आज भगवी असती.

स्पॅनर

आता माझं मत ऐका. तुमच्याकडे खोटी सिक्स पॅक नाही. तुमच्याकडे खरी यू कोडची आर/टी आहे, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, एफसी७ रंगाची, आणि वर कारखान्यातला एसी. ४४० मॅग्नम आणि एसी अशी ऑर्डर देणारा माणूस मला आवडतो. त्याला शर्यत जिंकायची नव्हती, जुलैमध्ये घाम न गाळता जिंकल्यासारखं दिसायचं होतं. मी असतो तर सिक्स पॅक काढून परत एकच कार्टर एव्हीएस कार्ब्युरेटर लावला असता. पण किंमत यू कोडचीच द्या, व्हीची नाही. आजोबांना कागद आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

वांगीभरीत

दाखवलं. टेबलावर पट्टीचा ठसा, कागद, आणि मी हाताने काढलेला तक्ता. आजोबा बराच वेळ दोन्ही नंबरांवर बोट फिरवत राहिले, १२, ४९, परत १२. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "तो शाळेतही प्रश्न पूर्ण वाचायचा नाही."

संदेश मात्र त्यांना फार आवडला.

चकली

मग पुढे? घेतली की नाही? परवानगीवाल्या व्यक्तीचं काय म्हणणं?

परवानगीवाली_व्यक्ती

मी धागा पहिल्यापासून वाचतेय. एसी परत बसणार असेल तरच.

वांगीभरीत

ऐकलंत ना.

घेतली. आजोबांनी किंमत स्वतःहून खाली आणली. कोठाराच्या माळ्यावर भावाची खोकी होती, त्यात जुना कार्ब्युरेटर सापडला आणि एसीचा ब्रॅकेटही. कॉम्प्रेसर मात्र नाही. स्पॅनर, तो आरव्ही-२ जातीचाच लागेल ना?

स्पॅनर

हो, दोन सिलिंडरचा, व्ही आकाराचा. ओतीव लोखंडाचा, एकट्याने उचलू नका, कंबर धरेल. माझ्या गॅरेजमध्ये एक पडलाय, आतले सील बदलावे लागतील. ओहायोला या, जेवूनच जा.

नाना_कुर्लेकर

आणि तो कागद? त्याचं काय केलंत?

वांगीभरीत

प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलाय, नाना. सदतीस नंबर पुढची गाडी कुठेतरी असेलच. जेएस२३व्ही०बी, शेवट ४९, शेकर असलेली, रंग माहीत नाही. चॅलेंजरवाल्यांच्या सगळ्या नोंदवह्यांत निरोप टाकलाय. तिचा मालक कदाचित गेली कित्येक वर्षं आपल्या सीटखाली हात घालून शोधत असेल.

नाना_कुर्लेकर

त्याच्या सीटखाली तुझा कागद असेल तर विचार हो.